कळंबच्या रस्त्यावरचं वळण

मी वळण बोलतंय. हो, ‘बोलतंय’च! व्याकरणवाल्यांनी मला नपुंसकलिंगात बसवलं, त्याला मी काय करू?

माझं मूळ फार जुनं. संस्कृतात ‘वल्’ म्हणजे फिरणं. त्यातून मराठीत ‘वळणं’ आलं आणि त्याच्या पोटी मी. गुराखी गुरं वळायचे, बाया लाडू वळायच्या, आणि वाट वळायची तिथं मी आपसूक उभं. पुढे माणसांनी मला भलतीकडेच नेलं. अक्षर सुबक आलं की, ‘काय वळण आहे!’ आणि सून उलट बोलली की, ‘घरचं वळणच नाही!’ अगं बाई, तुमच्या भांडणात मला कशाला ओढता?

खरं सुख मला समुद्राकाठच्या कळंबच्या रस्त्यावर होतं. माडांच्या सावलीत रस्ता हळूच डावीकडे झुकायचा, तिथंच फर्डिनंडचं घर. म्हातारपणी तो सगळं विसरला, अगदी बायकोचं नावसुद्धा. पण चर्चमधली संध्याकाळची प्रार्थना, म्हणजे मिस्सा, आटोपून एकटाच चालत यायचा आणि मी आलं की त्याचे पाय आपोआप फाटकात शिरायचे. “वळणाचं पाणी वळणावरच जातं,” असं त्याची मुलगी आल्बिना कौतुकानं म्हणायची.

गेल्या उन्हाळ्यात रस्ता सरळ केला. घर जरा आत राहिलं आणि मी डांबराखाली गेलं. त्या संध्याकाळी फर्डिनंड घर ओलांडून सरळ चालत राहिला, थेट समुद्रापर्यंत. आल्बिना धापा टाकत पोचली तेव्हा तो गुडघाभर पाण्यात उभा होता.

“वळन कुठं गेलं गं?” त्यानं विचारलं. मला रडूच फुटलं.

“उद्यापासून फाटकाला कुलूप घाल,” तिचा भाऊ एरॉल म्हणाला.

“कुलूप? मिस्सा बंद झाली तर पप्पा जगतील का रे?”

दुसऱ्या संध्याकाळी आल्बिना त्या सरळ रस्त्याच्या कडेला हात आडवा धरून उभी राहिली. फर्डिनंड आपल्याच तंद्रीत आला. तिच्या हाताला त्याची छाती टेकली, तसा तो डावीकडे झुकला आणि फाटकातून आत गेला.

“तू कोन गं?” त्यानं वळून विचारलं.

तिचे डोळे भरले. “मी वळन,” ती म्हणाली.

ती रोज तिथं उभी असते. शब्दकोश करणाऱ्यांनो, माझे बाकीचे अर्थ राहू द्यात, पण त्यांच्याआधी एवढा एक लिहा: लेकीनं आडवा धरलेला हात.