भुरी आत होती

भूमच्या अलीकडं, घाटाच्या माथ्यावर, सडकेपासून थोडा आत एक डाकबंगला होता. निजामाच्या अमदानीत शिकारीला येणाऱ्या अंमलदारांसाठी बांधलेला. दोन खोल्या, पुढं लांबलचक व्हरांडा, मागं स्वयंपाकघर आणि त्याला चिकटून खानसाम्याचं घर. निजामाचं राज्य गेलं, जिल्हा आधी हैदराबादेत राहिला, मग मुंबईला जोडला गेला. साहेब बदलले, त्यांची भाषा बदलली, पण खानसामा तोच राहिला. गफार. त्याच्या बापाची हयातही याच चुलीपुढं गेली होती.

गफार नेक होता, पण हुकमाचा बंदा. वरून सांगितलं की पूर्व, तर त्याची पूर्व. आणि त्या बंगल्याचा एक जुना हुकूम होता, कुत्रं खोलीत घ्यायचं नाही. एका शिकारी साहेबाच्या कुत्र्यांनी गाद्या घाण केल्या होत्या, पाठोपाठ आलेल्या सोवळ्या पाहुण्यानं त्यावरून आकाशपाताळ एक केलं होतं. तेव्हापासून येणाऱ्याचं कुत्रं मागच्या लिंबाला बांधलं जाई. गफारला यात वावगं काही वाटत नव्हतं. तो पाच वक्ताचा नमाजी. कुत्र्याची लाळ कपड्याला लागली तरी तो कपडा धुवायला टाकी. त्याची बायको कुलसुमबी, तिलाही कुत्र्याची शिसारीच होती. दोघी लेकी सासरी गेल्यापासून बंगल्याची झाडलोट तिच्याकडंच होती आणि फरशीवर केस दिसला तरी तिच्या कपाळाला आठी पडे.

जिल्हा मुंबईला जोडला गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात, मुलींच्या शाळा तपासणाऱ्या बाई पहिल्यांदा बंगल्यावर उतरल्या. शिवकांता नाव. निलंग्याकडच्या लिंगायत, वय पस्तिशीच्या आतबाहेर. ऐन विशीत कपाळ पांढरं झालं, भावानं शिकवलं, नोकरीला लागल्या. बैलांच्या दमणीतून उतरल्या, एक ट्रंक, एक वळकटी, आणि दमणीमागं धावत आलेली तांबूस रंगाची कुत्री. भुरी.

"बाईसाहेब, कुत्री आत न्हाय चालायची," गफार हात जोडून म्हणाला. "लिंबाखाली बांधतो. भाकरी घालतो. फिकीर नका करू."

"ती काही खराब करत नाही हो. दाराशी पडून राहते नुसती."

"हुकूम हाय वरून."

"मी एकटी आहे, खानसामा."

"म्या हाय की इथं. माझं घरदार हाय."

गफारनं भुरीला लिंबाला बांधलं. ती उपाशीच राहिली आणि खोलीच्या दाराकडं तोंड करून बसली.

सकाळी कुलसुमबी चहा घेऊन गेली, तर दार उघडायला बाईंना उशीर लागला. आत काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला. कुलसुमबी आत पाऊल टाकते तो काय, ट्रंक दाराच्या आड, तिच्यावर खुर्ची, आणि पलंगावरची चादर जशीच्या तशी. बाई रात्रभर बसूनच होत्या.

"भ्या वाटलं का बाई?"

बाईंनी चहाचा पेला हातात धरला, पण प्याल्या नाहीत. "एका बंगल्यात असंच झालं होतं," त्या म्हणाल्या. "कडी आतून घातली होती. तरी फटीतून काही घालून कुणी तरी ती उचलत होतं. मी ओरडले तेव्हा पावलं वाजली. सकाळी सगळे म्हणाले, मांजर असेल. त्यानंतर भुरी पाळली."

"मांजर कड्या उचलतंय व्हय," कुलसुमबी म्हणाली. एवढंच म्हणाली, पण दिवसभर तिच्या मनातून ती ट्रंक जाईना. तिच्या धाकट्या लेकीला शिवणाच्या वर्गाला एकटीनं भूमला जावं लागे, तेव्हाची तिची स्वतःची घालमेल तिला आठवली.

पुढच्या फेरीला बाई आल्या तेव्हा भुरी पुन्हा लिंबाला बांधली गेली. दिवेलागणीला गफार नमाजाला उभा राहिला. कुलसुमबी गेली, दावं सोडलं, पदराचं टोक नाकाला लावून भुरीला मागच्या वाटेनं न्हाणीघराच्या दारातून आत घेतलं. उजाडायच्या आत पुन्हा बाहेर. बाई निघून गेल्यावर तिनं फरशी तीनतीनदा पाण्यानं धुतली आणि स्वतःही अंघोळ केली. गफारला सांगितलं नाही. लग्नाला तीस वर्षं झाली होती, तिनं नवऱ्यापासून लपवलेलं हे पहिलंच.

त्या हिवाळ्यात बाई तीन-चारदा आल्या. दर वेळी असंच. भुरीलाही सवय झाली, कुलसुमबीची चाहूल लागली की ती भुंकायची नाही, नुसती शेपूट हलवायची. कुलसुमबीनं मात्र तिला हात कधी लावला नाही.

शिमग्याच्या सुमाराला बाई उतरल्या त्याच दिवशी दुपारी एक जीपगाडी आली. रस्त्याच्या कामावरचे कुणी मोठे साहेब होते. त्यांनी शेजारची खोली घेतली. संध्याकाळी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले आणि आल्यागेल्याला विचारू लागले, या बाई कोण, बरोबर कुणीच कसं नाही, जेवायला बाहेर का येत नाहीत. गफारला कोंबडी आणायला खालच्या वस्तीवर पाठवलं. जीपवाल्यालाही बरोबर धाडलं.

कुलसुमबी चुलीपुढं होती. अंधार नुकता पडत होता. तिनं भुरीला मघाशीच आत सोडलं होतं. एकदम कुत्र्याचं गुरगुरणं कानावर आलं, आणि लगोलग पुरुषाची किंकाळी. ती कंदील घेऊन धावली.

बाईंच्या खोलीचं पुढचं दार सताड उघडं. साहेब उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकलेले, एका हातानं पोटरी दाबून. विजारीला चिरा आणि बोटांतून रक्त. बाई पलंगापलीकडं कोपऱ्यात, हातात पितळी तांब्या उगारलेला. भुरी दोघांच्या मधे उभी होती. आता गुरगुरत नव्हती, फक्त उभी होती.

"पिसाळलंय हे कुत्रं!" साहेब ओरडले. "व्हरांड्यात फिरत होतो, अंगावर आलं माझ्या!"

कुलसुमबीनं त्यांच्या पायाखालच्या फरशीकडं बघितलं. मग बाईंकडं. बाईंनी मान हलवली, अगदी बारीक. बोलू नका.

जीप आली तसे साहेब बार्शीला दवाखान्यात गेले. जाता जाता गफारला म्हणाले, "सकाळी येतो. कुत्र्याला गोळी घालायची. आणि ते मोकळं कसं सुटलं, याचा जाब तू देशील."

गफारनं सगळं ऐकून घेतलं. मग घरात येऊन कुलसुमबीला विचारलं, आणि तिनं खरं ते सांगितलं, पहिल्या फेरीपासूनचं.

"माझ्या पाठीमागं असं केलंस व्हय," तो म्हणाला.

"तुमी ऐकलं नसतं."

"न्हायच ऐकलं." त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आता ऐक. कुत्री लिंबाला बांधली व्हती. दावं तोडून आली, साहेबाला व्हरांड्यात चावली. आपल्यावर काय येत न्हाय. समजलं?"

"आन् बाई?"

"बाईंचं बाईंपाशी. या वयात हे घर सोडून कुठं जायचं आपण? सांग."

तो उठला, बाईंच्या उंबऱ्यातलं रक्त ओल्या फडक्यानं पुसलं, भुरीला लिंबाला नेऊन बांधलं आणि जुन्या दाव्याचा एक तुटका तुकडा खुंट्याजवळ टाकला. त्यानं आजवर साहेबाची उरलेली काडेपेटीसुद्धा खिशात घातली नव्हती.

कुलसुमबी बाईंकडं गेली. बाई जेवल्या नव्हत्या.

"म्या खरं सांगू का साहेबांना?"

"नको." बाईंचा आवाज कोरडा होता. "विचारतील, दार कसं उघडलं? म्हणतील, बाईनंच उघडलं असेल. विधवा बाई, गावोगाव फिरते. भुरी आज जाईल, पण माझ्या नावाला चिकटेल ते मी मरेपर्यंत जाणार नाही. भावाच्या कानावर गेलं तर नोकरी सुटली समजा. शपथ आहे तुम्हाला."

"पर त्या मुक्या जनावराचा काय गुन्हा?"

बाईंनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. कुलसुमबीला कळेना, जवळ जावं की न जावं. ती तशीच परतली.

सकाळी ऊन वर आलं तशी जीप आली. साहेबांच्या पायाला पट्टी. बरोबर तालुक्याहून रामकिसनराव नायब तहसीलदार आले होते आणि बंदूक घेतलेला एक पोलीस. व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या. बाई आपल्या दाराशी उभ्या राहिल्या, पदर खांद्यावरून लपेटून, नजर खाली.

रामकिसनराव भले गृहस्थ वाटत होते. त्यांना हे लवकर उरकायचं होतं. "खानसामा, कुत्री कुठं होती?"

"लिंबाला, हुजूर. दावं तोडलं तिनं."

"बाई, तुमचं काय म्हणणं?"

"काही नाही," बाई म्हणाल्या.

"मग झालं. उरका."

पोलीस लिंबाकडं गेला. कुलसुमबी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. तो बंदुकीत काडतूस भरायला वाकला, तर भुरीनं पुढं सरकून त्याच्या बुटाचा वास घेतला आणि शेपूट हलवली. माणूस आपल्याला सोडायला आलाय असं तिला वाटलं असावं, दर खेपेला सोडत होतं कुणीतरी.

कुलसुमबीला पुढचं नीटसं आठवत नव्हतं. पदर डोक्यावरून पुढं ओढून ती परपुरुषांच्या समोर व्हरांड्याच्या पायरीशी येऊन उभी राहिली होती, एवढं खरं.

"भुरी आत होती," ती म्हणाली.

"कुलसुम!" गफार म्हणाला.

"बाईंच्या खोलीत होती. म्याच घेतली होती आत, न्हाणीच्या दारानं. दर खेपंला घेत होते. माझ्या मालकाला ठाऊक न्हवतं. साहेबांना चावली ती उंबऱ्याच्या आत. व्हरांड्यात न्हाय. तिथं रगत सांडलं होतं, फरशीच्या फटीत आजून आसंल. बघा जाऊन."

कुणी बघायला गेलं नाही. दार चार पावलांवर होतं, उघडंच होतं, पण रामकिसनराव आपल्या खुर्चीत बसून राहिले आणि पायातल्या वहाणेकडं बघू लागले. पोलीसही बंदूक खाली करून थांबला. साहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यांनी घसा साफ केला.

"कुत्रं पिसाळलेलं दिसत नाही," ते म्हणाले. "जाऊ द्या. पण बंगल्याचा काय कारभार चाललाय, हे वर कळवावं लागेल."

आणि जीप निघून गेली. बाईंनी त्याच पावली दमणी मागवली. भुरीचं दावं स्वतः सोडलं. कुलसुमबीशी एक शब्द बोलल्या नाहीत. गफारही नाही.

पुढं जे व्हायचं ते झालं. हुकूम मोडला म्हणून गफारला काढलं. साहेबांना कुणी काही विचारल्याचं कानावर आलं नाही. आणि डाकबंगल्याला वरून नवा हुकूम आला, सोबत घरचा माणूस नसेल तर बाईमाणसाला खोली द्यायची नाही. नव्या खानसाम्यानं तो हुकूम बाजारच्या दिवशी गफारला सांगितला, हसत हसत. गफार हसला नाही.

दोघं भूमला एका भाड्याच्या खोलीत आले. गफार एस. टी. स्टँडजवळच्या हॉटेलात भट्टीपुढं उभा राहू लागला. घरी आला की जेवायचा, नमाज पढायचा आणि भिंतीकडं तोंड करून पडायचा. बायकोनं चारचौघांत आपल्याला खोटं पाडलं हे त्याला गिळवत नव्हतं. आणि आपण खोटं बोललो होतो, हे त्याहून गिळवत नव्हतं. बाजारात लोक बाईंबद्दल बोलायचे. सुरुवात कुत्रीपासून व्हायची आणि शेवट भलत्याच ठिकाणी. ऐकून कुलसुमबी भाजी तशीच टाकून घरी यायची.

पावसाळा सरता सरता ती एकदा गफारचा डबा द्यायला स्टँडवर गेली, तर झाडाखाली ट्रंकेवर शिवकांताबाई बसलेल्या. पायाशी भुरी. कुलसुमबी जागीच थबकली. बाईंनीच हाक मारली.

"बदली मागून घेतली," त्या म्हणाल्या. "परभणीकडं. भाऊ येतोय न्यायला, जीप घेऊन. आता तोच बरोबर हिंडणार म्हणतो, नाहीतर नोकरी सोड म्हणतो."

"माझ्यापायी झालं बाई."

बाईंनी लगेच नाही म्हटलं नाही.

"तुम्ही बोललात ते खरंच होतं," त्या म्हणाल्या. "पण ते बोलायचं की नाही, हे माझ्याकडं होतं, कुलसुमबी. तुम्ही ते माझ्या हातातून काढून घेतलंत." मग भुरीच्या मानेवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "आणि ही जिवंत आहे. रोज सकाळी ही दिसली की मला तुमचा राग राहत नाही. दुपारी पुन्हा येतो."

कुलसुमबीनं डबा उघडला, दोन भाकऱ्या आणि शेंगाची चटणी बाईंच्या पुढ्यात ठेवली. बाईंनी एक भाकरी घेतली, अर्धी मोडून भुरीला दिली.

जीप येऊन गेल्यावर ती रिकामा डबा घेऊन हॉटेलपाशी गेली. भट्टीच्या धगीनं गफारचा चेहरा काळवंडला होता.

"डबा रिकामा?" त्यानं विचारलं.

"बाई आल्या होत्या. त्यांना दिलं."

गफारनं कढईतला झारा थांबवला. किती तरी महिन्यांनी त्यानं तिच्याकडं सरळ बघितलं.

"बऱ्या हायत का?"

"न्हाय," कुलसुमबी म्हणाली.

त्यानं मान हलवली. मग पुड्यात दोन भजी बांधून तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "खा काहीतरी. उपाशी चालू नको." आणि तो पुन्हा भट्टीकडं वळला.