कापलेले कान

सुकटीच्या दिवसांत आमच्या वाडीवर कुत्र्यांचा इतका सुळसुळाट झाला, की जवळा वाळत घातला की एका बाईने काठी घेऊन राखणीला बसायचंच. मासळीवरून कुत्रं पळालेलं दिसलं की व्यापारी नाक मुरडणार आणि भाव पाडणार. त्यात गणराजच्या लहान मुलीला कुत्रं चावलं आणि गावकी बसली.

गावकीत शब्द चालायचा माझ्या सासऱ्यांचा, धर्माजींचा. नाकावर माशी बसू न देणारा माणूस. मागे एकदा रेवदंड्याच्या बाजूला कुठल्याशा संस्थेने कुत्र्यांची नसबंदी केली होती, तेव्हा आमच्याकडचीही थोडी कुत्री नेली होती. ऑपरेशन झालेल्या कुत्र्याच्या कानाचा तुकडा खुणेसाठी काढतात, हे तेव्हापासून लहानथोर सगळ्यांना माहीत. बाबांनी त्याचाच नियम केला.

"कान कापलेली ऱ्हातील. बाकीची टेम्पोत घालून तळ्याच्या पल्याड रानात सोडायची."

मी घरी आल्यावर म्हटलं, "अहो बाबा, पण लोकांनी ऑपरेशन करायचं कुठं? खाजगी डॉक्टर परवडत नाय, एसटीत कुत्रं घेत नायत, रिक्षावाला तर बघूनच पळतो."

"नियम म्हंजे नियम, पूनम."

आणि नियम आधी आमच्यावरच. आमचा टिप्या बाबांच्या होडीवर वाढलेला. जाळी विणताना त्यांच्या पायाशी पडून असायचा. त्याला बाबांनी स्वतःच्या हाताने टेम्पोत चढवलं. त्याला वाटलं फिरायला निघालोय, शेपूट हलवत बसला वेडा. मी बाबांशी कितीतरी दिवस धड बोलले नाही, आणि तो राग अजून गेलेला नाही. खोटं कशाला बोलू?

शेजारच्या सोनूबाईची चिंगी मात्र राहिली. तिचा कान कापलेला होता.

तो कसा कापला गेला हे मला फार नंतर कळलं, पण तुम्हाला आधीच सांगते. टेम्पो यायच्या आदल्या दिवशी सोनूबाईने चिंगीला मांडीत घट्ट धरलं आणि मासळी कापायच्या कोयत्याने कानाचं टोक उडवलं. वर हळद दाबली. नवरा गेल्यापासून तिच्या घरात दुसरा जीव नव्हता. चिंगी वाचली, पण विणं काही थांबलं नाही. सहा महिने गेले की पुन्हा पिल्लं, पुन्हा ती पिल्लं गाडीखाली मरायची, नाहीतर भरतीत. सोनूबाई ती लपवून लपवून पुरायची, कारण ऑपरेशन झालेल्या कुत्रीला पिल्लं कशी होतील? एकदोनदा मला पिल्लं दिसली म्हणून विचारलं, तर म्हणाली, कुनाची तरी हिच्याकडं आली असतील. मी भोळी, मानलं. शेवटच्या वेळी चिंगी वितानाच मरता मरता राहिली. आणखी एक वेत तिला झेपणार नाही, हे सोनूबाईला दिसत होतं.

या थंडीत कुत्र्यांच्या नसबंदीचा फिरता दवाखाना वाडीवर आला. देवळासमोर गाडी उभी राहिली. फी नावापुरती, ज्याला जमणार नाही त्याला तीही माफ. डॉक्टर हेमांगी नावाची तरुण मुलगी होती. एकेका कुत्र्याला पुढे आणायचं काम अर्थातच बाबांनी आपल्याकडे घेतलं.

सोनूबाई चिंगीला उपाशी ठेवून, कडेवर घेऊन आली. डॉक्टरने कान बघितला आणि हसून म्हणाली, "मावशी, हिचं झालंय की."

"व्हय, व्हय," बाबा म्हणाले. "सोनू नियमाची बाई हाय. तुज्यासारकी मानसं हायत म्हनून वाडी चालते बाय. जा घरी."

सोनूबाई हलेना. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, बाईला चक्कर येतेय. मी धरायला गेले तर तिने माझा हात झटकला.

"न्हाय झालं," ती म्हणाली. "कान मी कापलाय. माज्या कोयत्यानं. पोट कुनी उगडलंच न्हाय तिचं. हिला पुन्यांदा पिल्लं झाली तं ही मरंल, डॉक्टरीन बाई. मला काय ती शिक्षा करा, पन हिला घ्या."

डॉक्टरने चिंगीच्या पोटावरून हात फिरवला आणि म्हणाली, "घेते. अशी आणखी कुणाची आहेत का? खरं सांगा, मी कुणाला काही म्हणणार नाही."

आधी सदा पुढे आला. मग सुचिता. मग मागून गणराज, ज्याने तो टेम्पो चालवला होता, तो मान खाली घालून आपली कुत्री ओढत आला. "आमचीबी तशीच हाय," म्हणाला. एकामागून एक सगळी यायला लागली. मला तर हसावं की रडावं कळेना. माझं डोकंच तडकलं. अरे, एवढ्या कोयत्यांतला एक कोयता आमच्या अंगणात आणायला कुणाला सुचलं नाही? टिप्याचा कान काय लोखंडाचा होता?

बाबा सगळ्यांकडे बघत होते. कधी नव्हे तो त्यांचा आवाज बारीक झाला.

"सगळ्यांना ठाव व्हतं? आन मला कुनी सांगितलं न्हाय?"

सोनूबाईच बोलली.

"कसं सांगनार, धर्मादादा? तुमाला कळलं असतं तं पयली माजी चिंगी न्हेली असती तुमी."

मला वाटलं, आता भडकणार.

"व्हय," बाबा म्हणाले. "न्हेली असती."