गुलाबी आजोबा

मला आयुष्यात ओकारी अशी दोनदाच आली. एकदा बोटीवर, आणि एकदा आमच्या मराठी मंडळाच्या नाट्यसंगीताच्या कार्यक्रमाला. बोटीचं माणूस समजू शकतो.

अठ्ठ्याऐंशी साल. मी इंग्लंडात ब्रिस्टलला पुठ्ठ्याच्या फॅक्टरीत फोर्कलिफ्ट चालवायचो आणि मंडळात तबला वाजवायचो. तबला कुणी शिकवला नाही, शाळेत डबा बडवत बसायचो त्यातून आला. शाळेतून तेवढंच आलं.

आमचे डॉक्टर पद्माकर म्हणजे मंडळाचं नाक. हॉस्पिटलात कन्सल्टंट, आणि गळाही गोड. त्यांचे वडील जुन्या नाटक कंपनीत स्त्रीपार्ट करायचे. डॉक्टरांच्या सिटिंग रूममध्ये फायरप्लेसवर त्यांचा फोटो, नऊवारी, नथ, पदर दातात धरलेला. तुम्ही घरात शिरलात की चहाच्या आधी तो फोटो. "आमचे तात्या बरं का. बायका ह्यांच्याकडे बघून लुगडं नेसायला शिकायच्या." सांगताना डोळ्यांत पाणी. मलाही आवडायचं ऐकायला, खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी तात्यांच्या नावाने कार्यक्रम ठरला, आणि स्टेजच्या मागचा पडदा करायला सांगितला डॉक्टरांच्या रवीला. पोरगं आर्ट कॉलेजात. आई गेल्यापासून घरी फारसं यायचं नाही. बाप आणि तो फोनवर हवापाण्याचं बोलायचे, संपलं. मला म्हणाला, "विष्णूकाका, बाबांनी पहिल्यांदा मला काहीतरी मागितलं. त्यांनी नुसतं बघितला पाहिजे माझा काम. पूर्ण बघितला पाहिजे." इथे जन्मलेलं पोर, त्याचं मराठी असंच. पण कळायला सोपं.

कार्यक्रमाच्या दुपारी माझ्याच व्हॅनमधून माल आला. रवी आणि त्याचा मित्र मार्टिन, दोघांनी मिळून सहा मोठ्या फळ्या उभ्या केल्या. अरे काय रंग! एकच बाई सहा वेळा. एक पिवळी, एक पोपटी, एक गुलाबी, एक जांभळी. प्रत्येकीच्या डोक्यामागे देवाच्या प्रभावळीसारखी काळी ग्रामोफोनची रेकॉर्ड. तोंडावर कॉमिकात असतात तसे टिपके. जाळीतून शाई ओढून छापतात म्हणे. भाड्याने घेतलेला चर्चचा तो मळकट हॉल एकदम जत्रेसारखा झाला.

आमच्या सेक्रेटरी सुलक्षणाबाई तर हात जोडूनच उभ्या. "काय तेज आहे हो तात्यांचं! ह्या पिवळ्यात तर साक्षात देवी." गेलेल्या कलाकाराच्या फोटोला कार्यक्रमाआधी हार घालायची आमची पद्धत. त्यांनी झेंडूचा हार आणलाच होता, तो पिवळीला घातला. खाली समई ठेवली. मग सहज विचारलं, "सगळे तात्याच ना रे?"

"नाही, मावशी. पाच आजोबा. एक मी."

"तू?"

"आजीची साडी होती घरात. मार्टिनने पिना लावल्या." पोरगं हसलं. आणि त्याच हसण्यात बोलून गेलं, "मी मार्टिनबरोबर राहतो. तो माझा माणूस आहे."

माझ्या हातात हातोडी होती, तबल्याचे गट्टे ठोकत होतो. ती तशीच राहिली. सुलक्षणाबाईंनी एक पाऊल मागे घेतलं, पर्समधून टिश्यू काढला आणि बोटं पुसली. ज्या बोटांनी हार घातला, ती. आदल्या वर्षी सरकारने घराघरांत एड्सचं पत्रक टाकलं होतं, तेव्हापासून बाई दाराचं हँडलसुद्धा रुमालाने धरायच्या.

डॉक्टर पेटीवर सूर धरून बसले होते. उठले. मला वाटलं, डॉक्टर माणूस आहे, दहा लोकांच्या जखमा धुतो, निदान टिश्यू तरी फेकायला लावेल. तर म्हणाले, "तो एक काढ. आत्ताच्या आत्ता."

"कुठला, बाबा?"

"कुठला म्हणजे? तुझा!"

"तुम्ही सांगा कुठला. नीट बघा आणि सांगा."

मग कमिटीची ती सगळी शहाणी माणसं फळ्यांपुढे नाकं नेऊन उभी राहिली. बाजारात कोंबडी निवडावी तशी. "हा पोपटी असेल." "नाही हो, जांभळा, ओठ बघा ना." "शी, असलं काय बघायला लावतोय!" शी म्हणायचं आणि परत वाकून बघायचं.

डॉक्टर गुलाबीपुढे थांबले. "हा. ही नजर बघा. घरंदाज बाई अशी बघते? बाजारू आहे. किळस येते मला." आणि वरच्या कोपऱ्यात नख घालून कागद टरकावला. रेकॉर्ड फाटली, कपाळ फाटलं, नथीपाशी येऊन थांबलं.

रवी काही ओरडला नाही. जवळ गेला, बापाच्या हातातली पट्टी घेतली, सरळ केली. "बाबा, गालावर बघा. सगळे टिपके एका लाइनमध्ये आहेत. हे दोन नाहीत."

डॉक्टरांनी चष्मा वर केला. देवीचे व्रण होते ते. तात्या पावडरखाली दाबायचे, पण फोटोत उतरायचेच. डॉक्टरांनीच आम्हाला शंभरदा सांगितलं होतं.

"हे आजोबा आहेत, बाबा. मी पिवळा."

सगळ्यांनी पिवळीकडे बघितलं. गळ्यात हार, खाली समई.

आता तुम्ही म्हणाल, बापाने पोराला जवळ घेतलं असेल. अहो कसलं! सुलक्षणाबाईंनी समई उचलली. कुणीतरी स्वयंपाकघरातनं कचऱ्याच्या काळ्या बिन बॅगा आणल्या, फाडून सहाच्या सहा झाकल्या. तात्यांसकट. डॉक्टर पाठ करून पेटीपाशी बसले आणि म्हणाले, "विष्णू, तबला काळी चारला लाव."

म्हटलं, "डॉक्टर, कुणाचं गाणं म्हणणार?"

"तात्यांचं. दरवर्षी म्हणतो ते."

"बाईचं?"

त्यांनी पेटीचा भाता उघडला.

मी तबला पिशवीत घातला, डग्गा काखेत मारला. बिन बॅगा ओरबाडल्या आणि फळ्या व्हॅनमध्ये भरल्या. मार्टिनला मराठीचं अक्षर येत नव्हतं, तो बिचारा विचारत होता काय झालं. काय सांगणार? आतून डॉक्टरांचा आवाज येत होता, तबल्याशिवाय. नवऱ्याची वाट बघणाऱ्या बाईचं पद. आणि लोक "वा, वा" म्हणत होते. मी कार पार्कच्या कुंपणाला धरून ओकलो.

रवीने हार काढला आणि व्हॅनच्या आरशाला अडकवला. "तुम्ही रडू नका काका," मला म्हणतो. मी कुठला रडतोय, मी ओकत होतो.

पिवळा त्याने ठेवला. गुलाबी मला दिला. सेलोटेपने चिकटवून किचनमध्ये लावलाय, आल्यागेल्याला चहाच्या आधी दाखवतो.

ब्याण्णव साली डॉक्टरांचा फोन आला. आवाज खोल गेलेला. "विष्णू, तो गुलाबी... आहे का रे तुझ्याकडे?"

"आहे की."

"मला मिळेल?"

"माझा नाही तो देऊन टाकायला. रवीला विचारा. नंबर लिहून घ्या."

त्यांनी लिहून घेतला. परत म्हणूनसुद्धा दाखवला.

रवी रविवारी येतो, मार्टिन भांडी घासतो. दर वेळी विचारतो मी, बाबांचा फोन आला का. पोरगं नाही म्हणून मान हलवतं. गुलाबी अजून माझ्याच भिंतीवर आहे.