फाइलीची शेपटी

आमच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा एक भाग फाइली डिस्कवर ठेवतो आणि मागितल्या की काढून देतो. त्याला फाइल सिस्टिम म्हणतात. बारा वर्षं ती मी सांभाळते आहे आणि तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं. त्यामुळे सोमवारी सकाळी आलेली मेल मी आधी रागानेच वाचली.

मेल एका बाईंची होती. नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून आलेल्या बायकांना आसरा देणाऱ्या संस्थेत त्या कॉम्प्युटर सांभाळतात. पेन ड्राइव्हवरून चुकून उडालेली फाइल परत मिळवताना त्यांना भलतंच काही दिसलं होतं. कोर्टाच्या कागदाची एक छोटी फाइल, आणि ती संपते त्याच्या पुढच्या रिकाम्या जागेत तिथल्याच एका बाईचा गुप्त ठेवलेला पत्ता. तो त्या फाइलीत कुणी लिहिलेलाच नव्हता.

'पेन ड्राइव्ह बिघडला असेल,' असं उत्तर मी टाइप करायला घेतलं आणि तिसऱ्या शब्दाला थांबले.

डिस्कवर जागा ठरावीक मापाच्या तुकड्यांतच मिळते. फाइल चार ओळींची असली तरी तुकडा अख्खा जातो. हा तुकडा आधी मेमरीत तयार होतो, आणि त्या जागी थोड्या वेळापूर्वी कुणाचंही काहीही असू शकतं. म्हणून फाइलीमागे उरणारी शेपटी पुसून घ्यायची असते. ती पुसणारी ओळ आमच्याकडे होती. आठ वर्षांपूर्वी मीच ती काढली. 'अनावश्यक पुसणी काढली, वेग वाढला,' असं ठसक्यात लिहून वर सगळ्यांकडून पाठ थोपटून घेतली होती.

मी बाईंना फोन लावला.

"तो पेन ड्राइव्ह बाहेर कुणाकडे गेलाय का?"

"हा नाही. पण असाच एक मागच्या महिन्यात, जिचा पत्ता दिसला तिच्या नवऱ्याच्या वकिलाला दिलाय. त्याची हुबेहूब नक्कल आहे आमच्याकडे. आत्ताच बघितली. त्यातही पत्ता आहे."

अर्धवट टाइप केलेलं उत्तर मी पुसून टाकलं.

"तो नवरा दीड वर्षं तिला शोधतोय हो," बाई म्हणाल्या.

रडत बसून उपयोग नव्हता. मी पदर खोचून कामाला लागले, म्हणजे खरं तर स्वेटरच्या बाह्या वर सारल्या. पुसणारी ओळ परत घातली. मग मेमरी 'सापडलं' या एकाच शब्दाने भरून टाकली, हजारो छोट्या फाइली लिहिल्या आणि तो शब्द डिस्कवर कुठे उमटलाय का ते धुंडाळलं. एकदाही नाही. माझा जीव भांड्यात पडला.

शंकासुराने तो लगेच बाहेर काढला. शंकासुर म्हणजे माझा सहकारी. कोणताही बदल दुसऱ्या कुणी तपासल्याशिवाय पुढे जात नाही, आणि माझ्या नशिबी हा आलाय. चहात साखर घातलीय का, हेसुद्धा हा माणूस दोनदा विचारतो.

"तू पुसल्यावर दुसऱ्या प्रोग्रामने शेपटीत काही टाकलं तर?"

"शेपटीत कोण कशाला काय टाकेल?"

"मी," तो म्हणाला आणि त्याने टाकलं. चाळीस हजार फाइलींत तीनदा 'सापडलं' वर आलं.

"तीनदाच तर आलं."

"पत्ता एकदाच पुरतो."

मला त्याचा इतका राग आला की मी दिवसभर त्याच्याशी बोलले नाही. राग अर्थात त्याचा नव्हता.

बुधवारी दुपारी डोक्यात प्रकाश पडला. पुसायची जागाच चुकली होती. सकाळी घर आवरून ठेवायचं आणि पाहुणे संध्याकाळी यायचे, तोवर पुन्हा पसारा, असं चाललं होतं. तुकडा मेमरीतून डिस्ककडे निघतो त्या क्षणी, अगदी दारात, शेपटी पुसायला हवी. मी ओळ तिथे हलवली. वेग चार टक्क्यांनी घटला. गेला तर गेला, म्हटलं. गुरुवारी दुपारपर्यंत चार लाख फाइली झाल्या आणि 'सापडलं' एकदाही सापडलं नाही. शंकासुर "ठीक" म्हणाला. इतकं कौतुक त्याने स्वतःच्या लग्नातही केलं नसेल.

आता बदलासोबतचा, कुणालाही वाचता येणारा मजकूर लिहायचा होता. आमच्यात रीत आहे: चूक काय होती ते लिहायचं आणि खाली ती कोणत्या जुन्या बदलाने शिरली ते, तो करणाऱ्याच्या नावासकट.

"'किरकोळ साफसफाई' असं लिही," शंकासुर म्हणाला. "वकिलाला वास लागणार नाही. तुझं नावही झाकलं जाईल."

खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडलं. तरी बाईंना वाचून दाखवलं.

"किरकोळ असेल तर मीच अपडेट पुढच्या महिन्यावर ढकलेन," त्या म्हणाल्या. "आमच्यासारख्या बाकीच्या संस्थाही तेच करतील. तोवर त्यांच्याकडच्या बायकांचे पत्ते जात राहणार."

"पण नीट लिहिलं तर कुठे बघायचं ते त्या वकिलाला आयतंच कळेल."

"मग आमच्या त्या बाईला दुसऱ्या जागी हलवेपर्यंत थांबा. उद्या दुपारी दोनपर्यंत. लिहा मात्र सगळं."

शुक्रवारी साहेबांचा फोन आला. "अपडेट तयार आहे तर सोडत का नाही?"

"दोन वाजता सोडते."

"कारण?"

"सांगता येणार नाही."

"मग मी दुसऱ्याला सोडायला सांगतो."

"सांगा. अपडेटवर सही करायची डिजिटल किल्ली माझ्याकडे आहे, तिच्याशिवाय ते जात नाही," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

मजकूर समोर तयार होता. छोट्या फाइलींच्या शेपटीतून दुसऱ्याची माहिती डिस्कवर जाते. अपडेट आजच टाका. आधी लिहिलेला पेन ड्राइव्ह कुणाच्या हाती देऊ नका. त्याखाली आठ वर्षांपूर्वीचा तो बदल आणि माझं पूर्ण नाव.

दोन वाजले. सव्वादोन झाले. दोन पंचवीसला फोन वाजला.

"पोचली," बाई म्हणाल्या. "तिला बोलायचंय तुमच्याशी."

फोन दुसऱ्या हातात गेला. मागे सामान सरकवल्याचा आवाज येत होता.

"ती चूक माझी आहे," मी म्हणाले. "मला माफ—"

"कळलं मला. मुलीची तिसरी शाळा आता. इथला पत्ता नाही ना जाणार?"

"या वाटेने नाही जाणार. चार लाख वेळा तपासलंय."

"अजून एकदा तपासा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी बदल सोडला. मग शंकासुराला हाक मारली आणि चाचणी पहिल्या फाइलीपासून पुन्हा लावली.