कथबर्ट रेनने न घेतलेला मग

लिलावाची यादी विनी आत्याने टेबलावर आपटली. "आठवा नग. मोठ्याने वाच."

मी वाचलं. "चांदीचा मग, लंडन, १८५१. हॅगडेल खाणीच्या मालकांकडून कथबर्ट रेन यांना, स्फोटातून अकरा जणांचे प्राण वाचवल्याबद्दल भेट. रेन यांनी तो कृतज्ञतेने स्वीकारून आयुष्यभर जपला."

"जपला म्हणे! ऊठ, गाडी काढ."

कथबर्ट रेन आत्याचे पणजोबा. त्यांची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. स्फोटात एकोणीस माणसं गेली. मृत्यूंची चौकशी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मालकांनी गावातल्या खानावळीत समारंभ केला आणि नाव कोरलेला मग कथबर्टच्या हातात दिला. बदल्यात काय हवं होतं, ते कुणी बोललं नाही. त्याला कळलं. त्याने मग टेबलावर ठेवला आणि तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी त्याने शपथेवर सांगितलं, की खाणीत स्फोटक वायू साचू न देणारं हवेचं दार तीन आठवडे मोडलेलं होतं आणि मालकांना ते ठाऊक होतं. आठवड्याच्या आत त्याला मालकांनी दिलेल्या घरातून बाहेर काढलं. बायको दिवस भरलेली. आत्याचे आजोबा कुणाच्या तरी गोठ्यात जन्मले.

डरहॅमच्या लिलावघरात लॉन्सडेल नावाच्या साहेबाने आमचं हसून स्वागत केलं. "रेन घराण्यातल्या? वा! मगाबरोबर तुमचा एक फोटो काढू या ना."

"फोटो राहू दे," आत्या म्हणाली. "हा मग आमच्या घरात एक दिवसही नव्हता. तुम्हाला कुणी दिला?"

"ते सांगता येत नाही. पण त्यांच्या घराण्यात तो सुरुवातीपासून आहे."

"म्हणजे मालकांच्याच. मग कथबर्टने जपला कसा?"

साहेब गडबडला. आत्याने ग्रंथालयातून आणलेली जुन्या वर्तमानपत्राची प्रत पुढे केली. चौकशीत मालकांच्या वकिलाने विचारलं होतं, 'तुम्ही मालकांची भेट घेतलीत ना?' कथबर्टचं उत्तर छापलं होतं: 'ती खानावळीच्या टेबलावर आहे. ज्याची त्याने न्यावी.'

"यादी छापून झाली आहे, मिस रेन."

"मग तोंडाने सांगा. नाहीतर मी सांगीन."

"बाई, एवढ्याशा ओळीने काय फरक पडतो?"

"तुम्हाला नसेल पडत."

विनी आत्या तेव्हा सत्तर वर्षांची होती. खाणकामगारांच्या मोठ्या संपाच्या वर्षात चॅपेलच्या हॉलमध्ये ती रोज दोनशे माणसांना जेवू घालायची, आणि पोलिसांच्या गाड्या समोर उभ्या असल्या तरी दार उघडं ठेवायची. शेवटी खाण बंद झालीच. तरी हरलो हा शब्द ती घरात कुणाला उच्चारू देत नसे.

शनिवारी लिलाव झाला. आठवा नग पुकारला गेला आणि लॉन्सडेल यादीतलीच ओळ वाचू लागला. आत्या उभी राहिली.

"खोटं आहे हे."

"मॅडम, कृपा करून खाली बसा."

"बसत नाही." तिने कागद उघडला आणि वाचायला लागली. पुढच्या रांगेतली एक बाई ओरडली, "हिला बाहेर काढा कुणीतरी!" एक नोकर आमच्याकडे आलाही. मी उठून त्याच्या वाटेत उभी राहिले. मागून एक म्हातारा खडसावून म्हणाला, "वाचू द्या की तिला! मलाही ऐकायचंय."

आत्याने सगळं वाचलं. मोडलेलं दार, तीन आठवडे, टेबलावरचा मग. शेवटी एकोणीस नावं, एकेक करून. नोकर जागच्या जागी थांबला होता.

लॉन्सडेलने चष्मा काढला. मग पेनाने आपल्या प्रतीतली ओळ खोडली आणि जाहीर केलं, "दुरुस्ती. कथबर्ट रेन यांनी ही भेट नाकारली."

तो चांदीचा मग त्या म्हाताऱ्यानेच विकत घेतला. बाहेर येऊन त्याने तो आत्यापुढे धरला. "हा तुमच्याकडेच असायला हवा. पैसे नकोत मला."

आत्याने हात कोटाच्या खिशात घातले.

"तुम्ही भले माणूस आहात," ती म्हणाली. "पण त्यांनी नाही घेतला, तर मी का घेऊ?"

म्हातारा जरा ओशाळला, मग हसला. आत्याने कागदाची प्रत मात्र त्याच्या हातात कोंबली. "ही मगात घालून ठेवा. कधी विकलात, तर हिच्यासकट विका."

गाडीत बसल्यावर तिने मला विचारलं, "माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला का गं?"