देवापुढे राहिलेले पाकीट

मित्रांनो, मी एक जुनी, काळी, चौकोनी पेटी आहे. माझा एक कोपरा चिरला आहे आणि कडीवर खोल ओरखडे आहेत. मला पाहून कोणालाही वाटते की हिच्यात ड्रिल मशीन असेल. तसेच वाटावे, अशीच मला बनवली आहे. खरे तर माझ्या पोटात पिस्तूल असते. घाबरू नका. ते कागदावरच्या काळ्या गोलावर नेम धरण्यासाठी आहे, आणि मी त्या पिस्तुलाला कुलपात ठेवण्यासाठी आहे.

माझा जन्म कुठल्या देशातला, ते मला माहीत नाही. तळाला लिहिलेले असेल, पण माझा तळ मला दिसत नाही. मला आठवते ते ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा गावच्या एका दुकानातले फळीवरचे आयुष्य. तिथून मला रेखाताईंनी उचलले.

रेखाताई मूळच्या पुण्याच्या. इथल्या रुग्णालयात त्या रक्त तपासायला घेण्याचे काम करत. हजारो हातांतल्या शिरा त्यांनी शोधल्या होत्या. त्यांचा हात कधी हलत नसे. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात काम करणारी नोरीन नावाची त्यांची मैत्रीण एकदा त्यांना पिस्तूल क्लब सर्वांना खुला असतो त्या दिवशी तिथे घेऊन गेली. रेखाताईंनी पहिल्या दहा गोळ्यांत सात काळ्या गोलात मारल्या. नोरीन म्हणाली, "तू आजवर सुया वाया घालवल्यास, लव्ह!"

मग वर्ग झाला, परीक्षा झाली, महिनोन्महिने वाट पाहून परवाना आला. तेव्हा रेखाताई त्रेपन्न वर्षांच्या होत्या. पिस्तूल आले आणि माझ्या स्पंजात त्याच्या मापाची खाच कापली गेली. ती कापताना मला जरा दुखले, पण तेव्हापासूनच मला काही काम मिळाले.

आता त्यांच्या यजमानांविषयी सांगते. भास्करराव ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या गोदामात काम करत. त्यांच्याकडे परवाना नव्हता. ज्याच्याकडे परवाना नाही, त्याच्या हाती पिस्तूल लागता कामा नये, असा कायदा. म्हणून माझ्या आकड्यांच्या कुलपाचा नंबर फक्त रेखाताईंना ठाऊक होता. मला उघडायची वेळ आली की त्या म्हणत, "अहो, पाठ फिरवा."

भास्करराव लगेच पाठ फिरवत. भिंतीकडे तोंड करून उभे राहत आणि गुणगुणत. चाल आरतीची असे, पण सूर कुठलाच नसे. कुलूप पुन्हा लागेपर्यंत ते गुणगुणतच राहत.

"झालं का?"

"अजून नाही. आणि दुसरं काहीतरी म्हणा ना!"

"तू लवकर उघड, मी लवकर थांबतो."

सहा वर्षे हे असेच चालले. एकदाही त्यांनी मान वळवून पाहिले नाही.

आमचा प्रवासही मजेचा असे. मी डिकीत, गोधडीखाली, भाजीच्या पिशवीत. गोळ्यांचा डबा वेगळ्या कुलपात, वेगळ्या कोपऱ्यात. आम्ही एकाच गाडीत असायचो, पण आमचा अबोला. मला गाडीत एकटी सोडायची नाही, यजमानांच्या ताब्यातही द्यायची नाही. म्हणून रस्त्यात थांबले की रेखाताई मला भाजीच्या पिशवीसकट बरोबर घेऊन स्वच्छतागृहात जात. एकदा एका आजीबाईंनी विचारले, "पिशवीत काय आहे गं, इतकी जपतेस?" रेखाताई म्हणाल्या, "छंद आहे माझा." आजीबाई म्हणाल्या, "विणकाम का? छान, छान!"

रेखाताईंच्या मनात एक गोष्ट होती. आमच्या राज्याच्या सीमेपलीकडे, न्यू साउथ वेल्स राज्यात टेंटरफील्ड नावाचे गाव आहे. तिथे दर मे महिन्यात एक दिवसाची स्पर्धा होई. साठ गोळ्या, सहाशे गुण. जिंकणाऱ्याला घरगुती जॅमची बाटली आणि शेवटच्याला लाकडी चमचा. रेखाताई म्हणत, "इथे मला सगळे ओळखतात. अर्ध्या क्लबचं रक्त मीच काढलंय. एकदा अशा ठिकाणी उभं राहायचंय, जिथे मी कोण ते कुणालाच माहीत नाही."

दुसऱ्या राज्यात पिस्तूल न्यायचे म्हणजे कागद पक्के हवेत. रेखाताईंनी परवान्याचे कार्ड आणि स्पर्धेचे पत्र एका खाकी पाकिटात घालून जेवणाच्या टेबलावर ठेवले. पहाटे भास्कररावांनी ते पाहिले. त्यांच्या घरची रीत अशी, की महत्त्वाचा कागद आधी देवापुढे ठेवायचा, मग प्रवासाला न्यायचा. पासपोर्ट असो, घराचे कागद असोत, मुलीचे प्रवेशपत्र असो, सगळे देवापुढे ठेवूनच पुढे गेले होते. त्यांनी पाकीट गणपतीपुढे ठेवले, वर सुपारी ठेवली आणि हळदकुंकू वाहिले. मग चहा केला, थर्मास भरला आणि गाडी काढली.

दोन तासांनी सीमेअलीकडच्या शेवटच्या गावात रेखाताई म्हणाल्या, "पाकीट द्या हो, हाताशी ठेवते."

डिकीत मला गाडीचा वेग एकदम कमी झालेला कळला.

"रेखा," भास्करराव म्हणाले, "ते देवापुढे आहे."

"कुणाच्या?"

"आपल्या."

गाडी कडेला थांबली. दहा वाजता स्पर्धा सुरू व्हायची होती आणि सव्वाआठ झाले होते. घरी जाऊन परत यायला साडेचार तास लागले असते. भास्कररावांचा आवाज रडवेला झाला. ते म्हणाले, "अगं, वीस किलोमीटर राहिलंय. डिकीत गोधडीखाली आहे. कोण बघतंय?"

"मी बघतेय," रेखाताई म्हणाल्या.

मग त्या एकदम हसू लागल्या. "गणपतीलाच जायचं असेल हो मॅचला. कागद सगळे त्याच्याकडे आहेत!" भास्कररावांना हसू येईना. त्यांना आणखी वाईट वाटू लागले. रेखाताई म्हणाल्या, "आता सरळ घर. कुठे थांबायचं नाही. कार्ड जवळ नसताना पेटी घरापर्यंत न्यायलाही मला नको वाटतंय." वाटेतल्या स्टॅन्थॉर्प गावात घ्यायची ठरवलेली सफरचंदे तशीच मागे राहिली. दशम्या चालत्या गाडीतच खाल्ल्या. घरी पोहोचल्यावर मला तिजोरीत ठेवून त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी महामारी आली आणि सीमाच बंद झाली. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. सीमा उघडली तेव्हा रेखाताई आजारी होत्या. आता दुसरी नर्स त्यांच्या हातातली शीर शोधत असे, आणि त्या तिला सांगत, "थोडं खाली बघ, बाळ. हं, तिथेच." एका जुलैत, इथल्या ऐन हिवाळ्यात, कडाक्याच्या थंडीत त्या गेल्या.

त्यानंतर भास्कररावांनी स्वतःच पोलिसांना फोन केला. एक तरुण कॉन्स्टेबल आली. तिने तिजोरीतून मला बाहेर काढले आणि नंबर विचारला.

"मला माहीत नाही."

"सहा वर्षं, मेट? एकदाही डोकावला नाहीत?"

"ती पाठ फिरवा म्हणायची," भास्करराव म्हणाले.

कॉन्स्टेबल बाहेर तिच्या गाडीकडे गेली. मग तिने कुलूप कापायची मोठी कात्री आणली. माझ्या कडीवरचे ओरखडे तेव्हाचे आहेत. कुलूप कापले जात असताना भास्करराव भिंतीकडे तोंड करूनच उभे होते. गुणगुणत मात्र नव्हते.

पिस्तूल बंदुकीच्या व्यापाऱ्याच्या तिजोरीत गेले. मी रिकामी राहिले. गॅरेजमध्ये गवत कापायच्या यंत्राशेजारी माझे वर्ष गेले. माझ्यावर धूळ साचली, मीठ-मिरचीच्या जुन्या बरण्या ठेवल्या गेल्या. माझ्या खाचेत एका लाल पाठीच्या कोळिणीने जाळे विणून घर केले. ती विषारी होती, पण स्वभावाने शांत. मला एकटीला तिचीच सोबत होती.

मग एका शनिवारी मुलगी आली. उर्वी तासाभरावर, स्प्रिंगफील्ड लेक्सला राहते आणि कॉम्प्युटरवर काम करते. ती गॅरेज आवरत होती. मला उचलून म्हणाली, "बाबा, धिस इज एम्प्टी. बिनमध्ये टाकू?"

"नको," भास्करराव म्हणाले. त्यांनी मला तिच्या हातातून घेतले, कोळिणीला झाडूने अलगद बागेत सोडले आणि ओल्या फडक्याने मला पुसले. पुसता पुसता म्हणाले, "उर्वी, तुझ्या आईची टेंटरफील्डची मॅच माझ्यामुळे राहिली."

"बाबा, इट वॉज अ पाकीट."

"हो. मीच ठेवलं होतं ते."

सोमवारी त्यांनी नोरीनला फोन केला. मग चौसष्टाव्या वर्षी त्यांचाही वर्ग झाला, परीक्षा झाली, महिनोन्महिने वाट पाहणे झाले. परवाना आला आणि रेखाताईंचेच पिस्तूल त्यांच्या नावावर होऊन परत आले. माझ्या कडीला आकड्यांचे नवे कुलूप लागले आणि पिस्तूल माझ्या स्पंजातल्या खाचेत बरोबर बसले. तो आनंद मी कसा सांगू? मित्रांनो, रिकाम्या पेटीलाच तो कळेल.

भास्कररावांचा नेम मात्र भयंकर होता. त्यांचा हात झाडाच्या फांदीसारखा हले. नोरीन म्हणायची, "भास्कर, नेमाचा पुठ्ठा सुरक्षित आहे. मागच्या मातीच्या ढिगाऱ्याची मात्र मला काळजी वाटते."

या वर्षीच्या मे महिन्यात आम्ही निघालो. उर्वी शेजारी बसली होती. तिने विचारले, "पाकीट?" भास्कररावांनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला. शिवाय पत्राच्या प्रती गाडीच्या खणात, उर्वीच्या पर्समध्ये आणि फोनमध्येही होत्या. गणपतीला त्यांनी रिकाम्या हातांनी नमस्कार केला होता.

सीमेअलीकडच्या त्याच जागी त्यांनी गाडी थांबवली. पुन्हा खिसा चाचपला. "आहे," असे ते कोणाला तरी म्हणाले आणि गाडी सीमेपलीकडे गेली. मित्रांनो, मी पहिल्यांदाच दुसऱ्या राज्यात आले. डिकीतून काही दिसले नाही, पण रस्त्याचा आवाज थोडा वेगळा आला.

थोड्या अंतरावर पोलीस गाड्या थांबवून दारूची तपासणी करत होते. एका उंच हवालदाराने नळी पुढे केली. भास्कररावांनी तिच्यात फुंकले आणि कोणी काही विचारायच्या आतच ते म्हणाले, "डिकीत पिस्तूल आहे. कुलपात. हे कागद."

हवालदाराने कागद नीट वाचले. "सगळं ठीक आहे. एकदा आत बघू का?"

मला भाजीच्या पिशवीतून बाहेर काढले. भास्करराव कुलपाला हात घालणार, तेवढ्यात थांबले.

"उर्वी, पाठ फिरव."

"बाबा, सिरियसली? हायवेवर?"

"पाठ फिरव."

उर्वीने पाठ फिरवली. समोर शेत होते आणि तारेपलीकडून चार गाई तिच्याकडे बघत होत्या. हवालदार गोंधळला. "मीही पाठ फिरवू का, मेट?"

"तुम्ही नको. तुम्हाला बघायचंय ना!"

हवालदार मोठ्याने हसला. आणि तेवढ्यात मला ते ऐकू आले. गाईंकडे तोंड करून उर्वी गुणगुणत होती. चाल आरतीची होती, सूर कुठलाच नव्हता. ते गुणगुणणे तिने घरी कधीतरी दाराआडून ऐकले असणार. भास्कररावांची बोटे कुलपावर थांबली, डोळे पुसून आली आणि मग त्यांनी चार चाके फिरवली. तो नंबर मला माहीत आहे. पण मी सांगणार नाही.

टेंटरफील्डला भास्कररावांना कोणीही ओळखत नव्हते. साठ गोळ्यांत त्यांना सहाशेपैकी दोनशे एकोणीस गुण मिळाले. नाव पुकारून लाकडी चमचा देताना सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि ज्या बाईंनी जॅम जिंकला होता त्यांनी ती बाटलीही भास्कररावांच्या हातात कोंबली. "चमच्याला काहीतरी लागेलच की," त्या म्हणाल्या. परत येताना स्टॅन्थॉर्पला आम्ही थांबलो. भास्कररावांनी मला पिशवीत घालून काखेत धरले आणि सफरचंदे घेतली.

मित्रांनो, मला कुलपात ठेवा, कोणाच्या नजरेस पडू देऊ नका, पण माझे कागद कायम जवळ बाळगा. ज्याने पाठ फिरवायची त्याने खरेच फिरवावी. कोणी बघत नसेल तेव्हाही फिरवावी. आणि वापरात नसलेली वस्तू फेकून देण्याआधी एकदा ओल्या फडक्याने पुसून बघा.

मी आता पुन्हा तिजोरीत असते. तिथून देवघर दिसत नाही, पण रोज सकाळी भास्करराव पूजा करताना काय म्हणतात ते मला ऐकू येते. देवापुढे ते आता कागद ठेवत नाहीत. तिथे लाकडी चमचा आहे. त्याला हळदकुंकू लावून ते म्हणतात, "रेखा, शेवटून पहिला आलो गं."