पाइपातले हीर

"मुलापरीस धोंडा बरा गो. धोंड्यावर कपडा आपटला तर आवाज तरी येतो," ठमाबाई दगडी गडग्यापलीकडच्या गंगुबाईला सांगत होती. "सकाळी चाय पितो, कानावर ती टोपणं चढवतो, तोंडाला मुसकी बांधतो नि गोठ्यात शिरतो. जेवायला हाक मारली तर ऐकू जात नाय. हात हलवला तर मलाच उलटा हात हलवून दाखवतो. मी काय यष्टीत बसून चालले हाय?"

गंगुबाई हसली. "कामाचा हाय तुझा दीपक. आमचा मुंबईत. तो तर डोळ्यांना पण दिसत नाय."

"दिसत नाय म्हणून तुला आशा तरी हाय. माझा रोज समोर दिसतो."

 गंगुबाई वाळलेले कपडे गोळा करून आत गेली आणि ठमाबाई पुन्हा एकटी राहिली. मागून गोठ्यातला घरघराट येतच होता.

गोठा नुसता नावाचा. गुरं विकल्याला बरीच वर्षं झाली होती. दीपक मुंबईच्या फर्निचर कारखान्यातली नोकरी सोडून मिरजोळ्याला परत आला आणि त्याने तिथे देव्हारे करायला घेतले, फणसाच्या, शिवणीच्या लाकडाचे. बायको आणि लेक शाळेपायी डोंबिवलीलाच राहिल्या. संध्याकाळी फोनवर त्यांच्याशी बोलून झालं की त्याच्या पोटातले शब्द संपत. आईच्या वाट्याला "हूं" आणि "वाढ थोडा" एवढंच येई.

गोठ्याच्या भिंतीवरून त्याने जाड पाइप फिरवला होता. रंध्याच्या मशीनपाशी एक फाटा, करवतीपाशी एक, आणि जमिनीलगत एक उघडं तोंड. झाडून आणलेला भुसा त्या तोंडाशी लोटला की पाइप तो गटकन ओढून घेई आणि पार टोकाच्या ड्रममध्ये नेऊन टाकी. पाइपातून भुसा ओढणाऱ्या मोटरीला ठमाबाई 'बया' म्हणायची. बया सुरू झाली की घरात दुसरं कुणी बोलूच शकत नसे.

पहिल्या वेळी जे झालं ते खरोखरच चुकून झालं. ठमाबाईने माडाच्या हिरांच्या झाडूने गोठा झाडला. झाडू जुनी, बांधणी सैल. चार हीर सुटून भुशाबरोबर पाइपात गेले आणि वळणावर आडवे बसले. त्यांच्यावर रंध्याचे लांब लांब छिलके अडकत गेले. थोड्या वेळाने बयेचा आवाज बदलला आणि भुसा उलटा जमिनीवर सांडू लागला. दीपकने बटण बंद केलं, कानांवरची टोपणं काढली.

"आये, इकडे ये जरा. पाइप धर."

किती दिवसांनी त्याने तिला आपणहून बोलावलं होतं! तिने पाइप धरला. तो लाकडी हातोडीने ठोकत पुढे सरकत गेला.

"ऐक. पोकळ वाजतो तिथं रस्ता मोकळा. बद्द वाजला की समज, गचडी तिथंच."

"हितं बद्द वाजला."

"बरोबर! कान चांगले हायत गो तुझे."

"मग? तुझ्यासारखी झाकणं नाय लावत मी."

तो हसला. पाइप उघडून तुंबलेल्या छिलक्यांची गचडी ओढून काढताना त्याचं तोंड सुटलं. काटकोनात वळण घातलं ही आपलीच चूक, म्हणाला, दोन लहान वळणं घालायला हवी होती. ड्रम गळ्यापर्यंत भरू द्यायचा नाही. झाडलेल्यात काही लांबट असेल तर आधी उचलून टाकायचं, पाइपाला लांब वस्तू सोसत नाही. मग विषय लेकीवर गेला, ती आता डोंबिवलीत पोहायला शिकते. मग कारखान्यातल्या एका बिहारी सुतारावर, जो रंधा मारताना गायचा. दोघं गोठ्याच्या पायरीवर बसून चाय प्यायली. मग त्याने टोपणं चढवली आणि बया पुन्हा घुमू लागली.

त्या दुपारी ठमाबाई माडाखाली पडलेली झावळी ओढून हीर काढत बसली. गंगुबाईने विचारलं, "नवी झाडू काय गो?" ती म्हणाली, "हो."

झाडू काही झाली नाही. हीर मात्र हळूहळू पाइपात गेले. रोज नाही, ठमाबाई तेवढी उतावीळ नव्हती. फार दिवस घर मुकं राहिलं की ती गोठा झाडायला जाई. दीपकने वळणं बदलली, तेव्हा तिने हीर थोडे जास्त घातले. त्याने तोंडाला जाळी बसवली, तेव्हा ती जाळी उचलून पुन्हा बसवायला शिकली. दर वेळी आवाज बदले, दर वेळी हाक येई, "आये, पाइप धर." आणि दर वेळी पाइप उघडताना फणसाची पिवळी धूळ त्याच्या केसांवर, भुवयांवर, उघड्या तोंडावर उतरे. मुसकी गळ्यात लोंबत असे, कारण तो बोलत असे.

एका सकाळी ती चुलीवर पाणी ठेवत असताना न्हाणीतून दीपकचा खोकला ऐकू आला. कोरडा. आधी घसा खाकरल्यासारखा आणि मग न थांबणारा. तिच्या हातातली कळशी चुलीच्या कडेवर आपटली.

तो खोकला तिच्या ओळखीचा होता. तिचा नवरा रामा हातरंध्यावर जन्म काढून शेवटची वर्षं असाच खोकत होता. रात्री भिंतीला टेकून बसायचा, श्वासाची वाट बघत. डॉक्टर म्हणाले होते, लाकडाची धूळ छातीत बसलीय. त्याच्या बाराव्याला दीपक म्हणाला होता, "मी हा धंदा केला तर धूळ ओढणारं यंत्र आधी आणीन." तेव्हा तिने मान डोलावली होती.

उरलेले हीर तिने चुलीत घातले.

पुढे तीच पाइप राखू लागली. झाडण्याआधी खाली बसून काडी-काडी वेचायची. जाळी तारेने आवळून बांधली. ड्रम अर्धा झाला की दीपकला खूण करून रिकामा करायला लावायची, भुसा न्हाणीच्या चुलीला घ्यायची. सकाळी बया सुरू व्हायच्या आत काठीने सगळा पाइप ठोकून यायची. सगळीकडे पोकळ वाजायचं. मग ती पायरीवर एकटी बसायची. घरघराट दिवसभर अखंड चालायचा. हाक यायची नाही. गंगुबाई लेकाकडे मुंबईला गेली होती, त्यामुळे गडग्यापलीकडेही कुणी नव्हतं. एकदा तिने बोलून बघितलं, असंच, मोठ्याने. आपला आवाज तिला स्वतःलाही ऐकू आला नाही.

दीपकचा खोकला मात्र हळूहळू कमी होत गेला.

मग एका संध्याकाळी तो लवकर बाहेर आला आणि तिच्या शेजारी बसला.

"बरेच दिवस अडकला नाय पाइप."

"चांगलंच की."

"हीर संपले काय गो माडाचे?"

ठमाबाई तांदूळ निवडत होती. तिने सुपातला एक खडा उचलून टाकला. "काय म्हणतोस?"

"झाडूचे सुटलेले हीर लांब असतात, आये. पाइपातनं निघायचे ते दोन्ही टोकांना कोयतीने छाटलेले. पाइपाच्या मापाचे."

"कधी कळलं तुला?"

"जाळी बसवली नि तरी हीर निघाले, तेव्हा."

"नि बोलला नायस?"

तो नखातली पिवळी धूळ काढत राहिला. "बोललो असतो तर तू थांबली असतीस."

ठमाबाईने सूप बाजूला ठेवलं. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो संताप.

"पाइप उघडला की धूळ छातीत जाते, ठाऊक होतं तुला?"

"होतं."

"त्या बयेला बटण हाय ना रे?"

"हाय."

"मग ते दाबून यायचं होतंस. हितं पायरीवर बसायचं होतंस. कोण नाय म्हणत होतं तुला?"

 दीपकच्या केसांत भुसा होता. तिने तो झटकला नाही.

"सगळा गाव म्हणतो तू बापसावर गेलायस," ती म्हणाली. "खोटं बोलतो गाव. तुझ्या बापसाला काय हवं ते तो तोंडाने मागायचा. तू माझ्यावर गेलास, मेल्या."